बाबांचं मेडिकल बोर्ड व्हिडिओवर का होऊ नये?

भोरची_लेक

नमस्कार मंडळी. मी हडपसरला राहते, माहेर भोरच्या पुढे हिर्डोशी खोऱ्यात. वडील माजी सैनिक. बॉम्बे सॅपर्समधून (लष्कराचं इंजिनिअर दल) १९९७ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आले, आता ७१ वर्षांचे आहेत.

१९८९ मध्ये लडाखला रस्त्याच्या कामावर असताना वरून दगड आले आणि डावा गुडघा चेचला गेला. ऑपरेशन झालं, कॅटेगरी लागली (पूर्ण फिट नाही अशी नोंद) आणि त्याच पायावर त्यांनी पुढची आठ वर्षं नोकरी काढली. सुटताना मेडिकल बोर्डाने, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने, ३० टक्के अपंगत्व लिहिलं, दुखापत सेवेमुळेच झाली हे मान्य केलं, डिसॅबिलिटी पेन्शन सुरू झाली. पण गेल्या चार-पाच वर्षांत गुडघा आखडत चाललाय. आधी खाली मांडी घालून बसणं बंद झालं, मग देवळाच्या पायऱ्या बंद झाल्या. आता रात्री मोरीपर्यंत जायचं तरी आईला उठवावं लागतं, आणि ते उठवत नाहीत, भिंतीला धरून एकटेच जातात. म्हणून टक्केवारी पुन्हा तपासावी असा अर्ज केला होता. परवा रेकॉर्ड ऑफिसचं (सैनिकांचे कागद सांभाळणारं ऑफिस) पत्र आलं. अमुक तारखेला सकाळी ८ वाजता पुण्यातल्या लष्करी हॉस्पिटलात सगळ्या कागदांसह हजर राहा.

सकाळी ८ ला पोचायचं म्हणजे आदल्या दिवशीच निघायला हवं. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत अर्धा किलोमीटर उतार. मग एसटी, भोरला गाडी बदलायची, मग स्वारगेट, मग रिक्षा. मागच्या वर्षी एक्स-रेसाठी आणलं होतं तेव्हा परत गेल्यावर तीन दिवस गुडघ्याला सूज होती, गरम लागत होता हाताला.

हयातीचा दाखला आता ओसरीवर बसून फोनला चेहरा दाखवला की होतो. बीपीच्या गोळ्यांचं डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलून भागतं. मग बोर्डच तेवढं समोर का? कोणाच्या घरी व्हिडिओवर बोर्ड झालंय का? ज्या माणसाचा पाय नोकरीत गेला त्याला त्याच पायावर पाऊणशे किलोमीटर ओढत आणायचं हे मला पटत नाही. माहिती असलेल्यांनी कृपया लिहा.

खडकीचा_सुभेदार

ताई, आधी वडिलांना माझा रामराम सांगा. मीही सॅपर.

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. 'सेहत' ही सैन्यदलांची व्हिडिओ ओपीडी मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत सुरू झाली. ती सल्ल्यासाठी आहे. डॉक्टर बोलतात, औषध लिहून देतात, संपलं. बोर्ड म्हणजे निकाल. मेडिकल ऑफिसर एकत्र बसतात, स्पेशालिस्टचं मत जोडतात, टक्के लिहितात, त्यावर वरच्या सह्या होतात आणि तो कागद माणसाच्या मागे जन्मभर चालतो. पत्रात हजर राहा लिहिलंय तर हजर राहायचं. त्या तारखेला खरंच जमत नसेल तर आधी लेखी कळवून दुसरी तारीख मागा. न कळवता गैरहजर राहिलात तर फाईल मागे पडेल आणि मग तुम्ही वर्षभर फोन करत बसाल.

आता हिशोब. बोर्डाने ५० पेक्षा कमी लिहिले तर पेन्शनला ५० धरतात, ५० ते ७५ ला ७५, आणि ७६ पासून पुढे १००. हे राउंडिंग १ जानेवारी १९९६ पासूनचं, पण आधी फक्त बोर्ड आउट झालेल्यांना, म्हणजे आजार-दुखापतीमुळे मुदतीआधी नोकरीतून काढलेल्यांना. पूर्ण नोकरी करून सुटलेल्यांनाही ते मिळालं पाहिजे हे सुप्रीम कोर्टाने १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार निकालात सांगितलं. स्पर्शवर, म्हणजे पेन्शनच्या वेबसाइटवर, लॉगिन करून वडिलांचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) उघडा. ३० चे ५० धरलेत का बघा. धरले असतील तर नव्या बोर्डाने ४० लिहिले काय आणि ४५ लिहिले काय, हातात येणारा पैसा तोच. फरक पडायचा तर ५० किंवा वर लिहिले गेले पाहिजेत. आणि बोर्ड नव्याने बसलं की टक्के वरच जातात असं समजू नका. २० च्या खाली डिसॅबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) नाही, हा नियमही माहीत असू द्या. म्हणून म्हणतो, वडिलांना नीट दिसू द्या त्या डॉक्टरांना. फोनच्या चार इंची काचेत नको.

भोरची_लेक

सुभेदार काका, आत्ताच स्पर्श उघडून बघितलं. ५० धरलेत. इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं की ३० चेच पैसे मिळतात. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मिळतंय ना, मग कशाला खोलात जायचं." असे आहेत ते.

कोंढव्याचा_मुलगा

मी थोडं विरुद्ध बोलणार आहे.

माझे वडील ७८ वर्षांचे. १९७१ च्या लढाईत मणक्याजवळ गोळी लागली. अनेक वर्षं काठीवर, मग कुबड्यांवर, मग व्हीलचेअरवर, आणि गेली तीन वर्षं अंथरुणावर. त्यांची टक्केवारी जुन्या काळातली, ७० ची. आता पूर्ण १०० व्हावेत आणि सतत सोबत लागणाऱ्या पेन्शनरला जो अटेंडन्स अलाउन्स मिळतो तो सुरू व्हावा, एवढीच मागणी आहे. त्यासाठी बोर्ड लागतं.

आम्ही हॉस्पिटलपासून पाच किलोमीटरवर राहतो. लोक म्हणतात, एवढं जवळ आहे की. पण अंतर किलोमीटरमध्ये नसतं हो. कमरेखाली जखम आहे, दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. स्ट्रेचरवर चढवताना चार माणसं लागतात. मागच्या वेळी रुग्णवाहिकेत आणि मग बाहेरच्या बाकापाशी मिळून पाच तास गेले आणि जवळजवळ भरत आलेली जखम पुन्हा उघडी पडली. ती भरायला चार महिने लागले. आई रोज सकाळी ड्रेसिंग करताना एक शब्द बोलत नसे, पण तिचा चेहरा मी बघत होतो.

माझ्या वडिलांचे पाय हलत नाहीत हे बघायला कोणती मशीन हवी? कॅमेरा चादरीवर धरतो, बघा. मोजायचं काही उरलंच नाहीये.

वेल्हेकर

आमच्याकडे कॉल करायला डोंगरावर चढावं लागतं. गुडघा दाखवायला डोंगर चढायचा का? सगळ्यांना व्हिडिओ म्हणाल तर आमच्यासारखे सुटतील त्यातून. एवढंच लिहायचं होतं.

जुना_सर्जन

बरीच वर्षं लष्करात ऑर्थोपेडिक सर्जन होतो आणि बोर्डासाठी मत लिहिणं हा कामाचा मोठा भाग होता. आता निवृत्त. भोरच्या ताईंना आणि कोंढव्याच्या भावाला वेगवेगळं उत्तर देतो, कारण दोघांचे प्रश्न सारखे दिसतात पण सारखे नाहीत.

ताई, गुडघा कसा बघतात ते सांगतो. माणसाला टेबलावर झोपवायचं, दोन्ही पाय उघडे. एका गुडघ्याचं माप दुसऱ्या गुडघ्याशीच ताडायचं असतं. गोनिओमीटर म्हणजे दोन पट्ट्यांचा कोनमापक. एक पट्टी मांडीच्या हाडाच्या रेषेत, दुसरी नडगीच्या बाजूने, मधला खिळा सांध्यावर. पण ती रेषा डोळ्याला दिसत नाही. वर खुब्याचं हाड आणि खाली घोट्याचं हाड बोटाने चाचपून सापडतं, तेव्हा पट्टी सरळ बसते. चांगला गुडघा साधारण १३५ अंशांपर्यंत वाकतो. फोन थोडा तिरका धरला तर माप दहा-पंधरा अंशांनी सहज चुकेल, आणि तेवढ्यावर टक्के फिरतात.

मग टेप. गुडघ्याच्या वाटीच्या वर १५ सेंटीमीटरवर पेनाने खूण करायची आणि दोन्ही मांड्यांचा घेर मोजायचा. जो पाय माणूस जपून टाकतो त्याची मांडी हळूहळू बारीक होते. ती कोणाला मुद्दाम बारीक करता येत नाही, आणि झालेली लपवताही येत नाही. मग तळहात वाटीवर ठेवून पाय वाकवायचा. आत झीज असेल तर करकर हाताला कळते. कानाला येत नाही, डोळ्याला दिसत नाही, हातालाच कळते. शेवटी नडगी धरून पुढे ओढून बघायची, लिगामेंट किती सैल आहे ते. यातलं कुठलंही काम मी तीनशे मैलांवर बसून केलं नसतं.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. जवानाला विचारा "कैसे हो?", तो म्हणणार "ठीक है सर." वीस-पंचवीस वर्षं तो तेच म्हणत आलाय. सिक रिपोर्टला गेलेला माणूस पलटणीत कसा बघितला जातो ते त्याला माहीत असतं. व्हिडिओवर तो इस्त्रीचा शर्ट घालून, छाती काढून, खुर्चीत ताठ बसेल आणि प्रत्येक प्रश्नाला "ठीक है सर" म्हणेल. कंबरेपासून वर तो धडधाकटच दिसणार. मी बोर्डाच्या दिवशी नाव पुकारायला स्वतः दारापर्यंत जायचो. तिथून टेबलापर्यंत बारा-पंधरा पावलं होती. माणूस कुठला पाय आधी टाकतो, बसताना खुर्चीच्या कुठल्या हातावर भार देतो, बुटाची नाडी सोडताना वाकतो की पाय वर घेतो, हे सगळं त्या पावलांत आणि त्या मिनिटात कळायचं. त्याने तोंडाने काही सांगायची गरज नसायची.

आता कोंढव्याचे भाऊ. तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. तिथे न्यायला लावणं हेच नुकसान आहे. पण नुसता कॅमेराही पुरणार नाही, कारण संवेदना कुठपर्यंत आहे, स्नायूत ताण किती आहे, जखम किती खोल आहे हे कोणीतरी हात लावून बघायला हवं. माझ्या मते एक मेडिकल ऑफिसर घरी यावा, त्याने तपासावं आणि बोर्ड व्हिडिओवर ते बघावं, प्रश्न विचारावेत. २५ मार्च २०२० ला देशात टेलिमेडिसिनच्या ज्या मार्गदर्शक सूचना आल्या त्यात रुग्णाशेजारी आरोग्य कर्मचारी आणि पलीकडे डॉक्टर ही पद्धत मान्य आहे. व्हिडिओ पुरेसा आहे की समोर बघायला हवं हा निर्णय डॉक्टरचा, हेही त्यातच आहे. मात्र त्या सूचना उपचारासाठी आहेत, बोर्डासाठी नाहीत. तुम्ही लेखी विनंती करा. डॉक्टरांचा दाखला जोडा की हलवलं तर जखम वाढते, आणि मागच्या वेळी काय झालं ते तारखांसकट लिहा. मसुदा मला दाखवा, मी बघून देईन.

टेक्सासची_आई

मी पुण्याचीच, तीस वर्षं अमेरिकेत. माझा मुलगा तिथल्या आर्मीत सहा वर्षं होता, पाठ आणि झोप दोन्ही घेऊन बाहेर पडला. तिकडे काय होतं ते लिहिते, तुलना म्हणून.

तिकडे व्हेटरन्स अफेअर्सकडे क्लेम करावा लागतो आणि तपासणीला सी अँड पी (भरपाई आणि पेन्शन) एक्झाम म्हणतात. एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे समोरासमोरच्या तपासण्या थांबवल्या होत्या, तेव्हा व्हिडिओचा वापर खूप वाढला. नुसत्या कागदपत्रांवरून, लागलं तर एखादा फोन करून मत देण्याचीही सोय आहे, पण जुने कागद पुरेसे असले तरच. माझ्या मुलाची मानसिक तपासणी घरून व्हिडिओवर झाली. पाठीची मात्र समोर बोलावून. तिथल्या नियमांत लिहिलेलंच आहे की सांध्याची हालचाल मोजायला गोनिओमीटर अनिवार्य आहे. सर्जनसाहेबांचं वाचताना तेच आठवलं. २०१६ मध्ये कोर्टाने असंही सांगितलं की सांधा स्वतः हलवताना आणि डॉक्टरने हलवताना, भार देऊन आणि भाराशिवाय, असा सगळा तपासायला हवा, आणि शक्य असेल तिथे दुसऱ्या बाजूच्या सांध्याशी ताडून. कानाच्या तपासणीला तर आवाजबंद खोलीत बसवून ठरावीक शब्द ऐकवतात, ते घरून होतच नाही.

टक्के तिकडे दहा-दहाच्या पायरीने शून्य ते शंभर. आणि पुरावा दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर निकाल सैनिकाच्या बाजूने, हा कायदा आहे.

सैनिकाची_बायको

ताई, मानसिक तपासणी व्हिडिओवर चांगली होते असं सरसकट म्हणू नका, कळकळीने सांगते. माझ्या यजमानांचा फॉलो-अप एकदा घरून व्हिडिओवर झाला. आमचं वन बीएचके. मी स्वयंपाकघरात कुकर बंद करून उभी, मुलगी बेडरूममध्ये अभ्यासाला. डॉक्टरांनी विचारलं, झोप कशी आहे? हे म्हणाले, ठीक. स्वप्नं पडतात का? नाही. राग? नाही. अकरा मिनिटांत संपलं. त्याच रात्री तीन वाजता हे गॅलरीत बसलेले होते, रोजच्यासारखे. मुलगी ऐकतेय हे माहीत असताना बाप काय बोलणार? डॉक्टरांची चूक नाही म्हणत मी, त्यांना स्क्रीनवर एक शांत माणूस दिसला.

पुढच्या वेळी मी यांना शेजारच्या काकूंच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये बसवलं, इअरफोन लावून, आणि आम्ही दोघी बाहेर फिरायला गेलो. त्या वेळी पन्नास मिनिटं बोलले. काय बोलले ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

जुना_सर्जन

ताई, तुमचा अनुभव मी तरुण डॉक्टरांना नक्की सांगणार. "आत्ता तुमच्या आसपास कोणी आहे का" हा पहिला प्रश्न असायला हवा, झोपेचा नंतर.

एएफटीवाला

मी वकील, माजी सैनिकांच्या केसेस मुंबईच्या आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलमध्ये चालवतो. महाराष्ट्राच्या केसेस तिथेच जातात. भोरच्या ताईंची दुखापत आधीच मान्य झालेली आहे, त्यामुळे त्यांचा मुद्दा फक्त टक्क्यांचा. पण हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो, कारण सर्वांत जास्त माणसं अडकतात ती आजार सेवेमुळे झालाही नाही आणि वाढलाही नाही या शेऱ्यावर.

धरमवीर सिंग यांचा निकाल वाचा, सुप्रीम कोर्ट, जुलै २०१३. हा जवान १९८५ ला सिग्नल्समध्ये (लष्कराचं संदेशवहन दल) भरती झाला, १९९४ ला फिट्सच्या आजाराने २० टक्के अपंगत्व लावून बोर्ड आउट केला, आणि पेन्शन नाकारली. कोर्टाने काय म्हटलं? भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं. नंतर तब्येत बिघडली तर ती सेवेमुळे असं धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. वाजवी शंका असेल तर फायदा जवानाला, हे १९८२ च्या नियमांतच होतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, बोर्डाने नुसता नकाराचा शेरा मारून चालत नाही, कारण द्यावं लागतं.

व्हिडिओच्या प्रश्नाशी याचा संबंध इथे येतो. समोर तपासलेल्या बोर्डाच्या कागदावर मापं असतात. घेर इतका, वाक इतका. त्या मापांवर मी कोर्टात भांडू शकतो. पाच मिनिटांच्या कॉलवर कोणी "हालचाल समाधानकारक" लिहिलं तर मी भांडायचं कशावर? म्हणून माझं म्हणणं, व्हिडिओवर बघून हक्क मान्य करायचा असेल तर जरूर करा. नाकारायचा असेल, टक्के कमी करायचे असतील, तर माणसाला समोर बघितल्याशिवाय नाही. असा नियम झाला तर मी व्हिडिओच्या बाजूने आहे.

एक सावधगिरी. २१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्व पेन्शनचे नवे नियम आलेत. त्यानंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांनी जुन्या माणसांच्या केसेसचे दाखले स्वतःला जसेच्या तसे लावू नयेत.

कोंढव्याचा_मुलगा

वकीलसाहेब, हे मी छापून ठेवलंय. मान्य करायला व्हिडिओ चालेल, नाकारायला नाही. मला हेच म्हणायचं होतं, मला शब्द सापडत नव्हते.

खडकीचा_सुभेदार

भोरच्या ताई, तारखेच्या आदल्या दिवशी माझा पुतण्या सासवडहून गाडी घेऊन भोरला येतोय कामाला. वडिलांना तो हडपसरला तुमच्या दारात सोडेल. पैशाचा विषय काढू नका. कागद पिशवीत नको, फाईलमध्ये लावा. डिस्चार्ज बुक, पीपीओ, सुटतानाच्या बोर्डाची प्रत, १९८९ च्या ऑपरेशनचं जे काही असेल ते, आणि अलीकडचे एक्स-रे. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स.

भोरची_लेक

काल बोर्ड झालं. थोडं सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून सांगितलं.

सुभेदार काकांच्या पुतण्याने बाबांना आदल्या संध्याकाळी आणून सोडलं. बाबांनी रात्री बूट पॉलिश केले, पेन्शनवर आल्यापासून जपलेले काळे. सकाळी नाडी मला बांधावी लागली. ते दुसरीकडे बघत होते.

आत मला सोबत येऊ दिलं. डॉक्टर तरुण, तिशीचे असतील. म्हणाले, "जूते उतारिए." मी पुढे झाले तर त्यांनी हाताने थांबवलं, "इनको करने दीजिए." बाबांनी डावा पाय उजव्या मांडीवर घ्यायचा प्रयत्न केला, तो येईना. मग त्यांनी उजव्या बुटाच्या टोकाने डाव्या बुटाची टाच दाबली आणि पाय ओढून बाहेर काढला. नाडी बांधलेलीच. पॉलिशवर ओरखडा उमटला. डॉक्टरांनी काही न बोलता लिहून घेतलं.

"सीढ़ी चढ़ते हो?" "ठीक है सर." सर्जन काका, अगदी तुम्ही लिहिलं होतं तसंच. खोलीत दोन पायऱ्यांचं लाकडी स्टूल होतं. "चढ़के दिखाइए." बाबा भिंतीला हात लावून चढले. उतरताना मात्र ते वळले आणि उलटे उतरले, शिडीवरून उतरतात तसे, पाठ आमच्याकडे करून. मी त्यांची मुलगी. गेली किती वर्षं ते असे उलटे उतरतात हे मला माहीत नव्हतं. घरी आईला विचारलं तर म्हणाली, "ओसरीच्या पायऱ्या तशाच उतरतात. कोणी असलं की बसून राहतात."

मग टेबलावर झोपवून मापं घेतली. उजवी मांडी ४६ सेंटीमीटर, डावी ४२. गोनिओमीटर लावला, पाय वाकवताना बाबांनी टेबलाची कड धरली होती. डॉक्टरांनी विचारलं, "ये कब से?" म्हणाले, "धीरे धीरे हो गया सर."

पहिल्या पोस्टमध्ये मी जे लिहिलं होतं ते मागे घेते. आमच्या ओसरीवर फोन धरून यातलं काही दिसलं नसतं. मीच फोन धरला असता आणि मलाही दिसलं नसतं.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आम्ही ८ ला गेलो आणि नंबर लागला सव्वाबाराला. आणि तपासून झाल्यावर कळलं की गुडघ्याचा एक्स-रे उभं राहून, पायावर भार देऊन काढलेला लागतो. आमचा झोपून काढलेला होता. त्यासाठी पुन्हा रांग, दोन तास. ऑपरेशनच्या जुन्या कागदावरची शाई उडालेली, त्यासाठी रेकॉर्डला पुन्हा पत्र. हे सगळं आठ दिवस आधी एका व्हिडिओ कॉलवर झालं असतं. कागद कॅमेऱ्यासमोर धरले असते, कोणीतरी सांगितलं असतं की हा एक्स-रे चालणार नाही, भोरलाच उभं राहून काढून आणा. मग बाबा फक्त हात लावून घ्यायला आले असते आणि तासाभरात मोकळे झाले असते. एक म्हातारे आजोबा रत्नागिरीहून आले होते, कानाच्या मशीनचा जुना रिपोर्ट नव्हता म्हणून त्यांना परत पाठवलं. त्यांना नीट ऐकूच येत नव्हतं, मी त्यांच्या कानाशी जाऊन दोनदा समजावलं. ते "ठीक है बेटी" म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले.

टक्के किती ते सांगितलं नाही. कागद वर मंजुरीला गेलेत. बाबा आठवडाभर माझ्याकडेच आहेत, गुडघ्याला शेक चालू आहे. सर्जन काका, तुमची पोस्ट त्यांना वाचून दाखवली. नाव पुकारायला डॉक्टर स्वतः दारापर्यंत यायचे हे ऐकून त्यांनी मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

जुना_सर्जन

त्या तरुण डॉक्टरने बूट तुमच्या वडिलांनाच काढायला लावले, तिथे त्याचं निम्मं काम झालं. शाबास म्हणायला हवं त्याला. मंजुरीला वेळ लागेल, स्पर्शवर बघत राहा. आणि बोर्डाच्या कागदाची प्रत मागून ठेवा. ४६ आणि ४२ हे आकडे त्यात आहेत ना, ते तपासा.

एएफटीवाला

प्रत नक्की मागा. निकाल पटला नाही तर पहिल्या अपिलाला सहा महिन्यांची मुदत असते. पत्र हातात पडेल त्या दिवसाची तारीख पाकिटावरच लिहून ठेवा.

कोंढव्याचा_मुलगा

आमचा अर्ज दिला. सर्जनसाहेबांनी मसुद्यात दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि जखमेचे फोटो तारखेसह जोडायला सांगितले. घरी येऊन तपासावं आणि बोर्डाने व्हिडिओवर सोबत राहावं, अशी विनंती आहे. अजून उत्तर नाही. दरम्यान वडिलांची जुनी ट्रंक उघडली तर कागदांचा ढीग निघालाय, निम्मे इंग्रजी टाइपरायटरवरचे, घड्या पडून फाटलेले. कुठला लागेल, कुठला नाही, काही कळत नाही.

भोरची_लेक

दादा, मी रविवारी सकाळी येते, बाबांनाही घेऊन. त्यांना ते जुने फॉर्म पाहिल्या पाहिल्या ओळखता येतात, बोर्डाचा कुठला, हॉस्पिटलचा कुठला. तुमच्याकडे जिना आहे की लिफ्ट तेवढं आधी सांगा. आणि ट्रंकेतलं काहीही तोवर टाकू नका, फाटलेलं असलं तरी.

कोंढव्याचा_मुलगा

तळमजला आहे, ताई. एक पायरी आहे दाराशी, तिथे मी उभा राहीन.